हेरोदाला पावडर नको

“येशूची आई उजळच हवी,” म्हणत चर्चच्या पाळकीणबाईंनी नाताळच्या नाटकाआधी एस्तेरच्या सावळ्या चेहऱ्यावर पावडरचा अख्खा डबा रिकामा केला.

“अहो बाई, बायबलात असं कुठं लिहिलंय?” एस्तेर शिंकली.

“लिहायला कशाला हवं? कॅलेंडरवर दिसतंय की!”

पडदा उघडला. गव्हाणीतल्या येशूने, म्हणजे एस्तेरच्याच तान्ह्याने, आईचं पांढरं तोंड पाहून भोकाड पसरलं. देवदूत “भिऊ नको” म्हणाला, तसा येशू आणखीच किंचाळला.

शेवटी विंगेतून हेरोद राजा धावला, बाळ येशूच्या जिवावर उठलेला. हा एस्तेरचा नवरा. दुष्टाला पावडर लागत नाही, म्हणून जसाच्या तसा काळा. बापाला ओळखून येशू त्याच्या खांद्यावर झोपी गेला.

पण नाटक तर करायचं होतं. हेरोद कुजबुजला, “सैनिकांनो, बेथलेहेमातली सगळी बाळं मारा. पण हळू. हा आत्ताच झोपलाय.”