पल्याडची काख

गोदाक्कांच्या डाव्या स्तनातल्या गाठीजवळ किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन तासभर झाला, तरी पडद्यावर डाव्या काखेत त्याचा ठिपका उमटेना. औषध ज्या ग्रंथीत आधी पोचेल, तीच काढून सर्जन रोगाचा फैलाव तपासणार होते. आपलंच इंजेक्शन चुकलं, असं टेक्निशियन मृदुलाला वाटलं.

"काय दिसंना व्हय?" टेबलावरून गोदाक्कांनी विचारलं. दारं धरून उसाला पाणी पाजण्यात आक्कांचा जन्म गेला होता.

"औषध काखेत जायला हवं होतं, आक्का."

"तिथं मागं दोनदा गळू कापलंय. पाट बुजला म्हणून पाणी थांबतंय व्हय? पल्याड बघ की."

मृदुलाने कॅमेरा उजवीकडे सरकवला. निरोगी बाजूच्या काखेत ठिपका लख्ख चमकत होता!

आक्का कौतुकाने बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे रोगबी ह्याच वाटंनं गेला असंल?"

"गेला असेल तर आता सापडेल," सर्जनना फोन लावत मृदुला म्हणाली.