पुण्याच्या रस्त्यांवर शिकलेला गेम

शेवटच्या वळणावर लाल आणि पांढरी गाडी एकमेकींना घासल्या, तेव्हा वैजयंती सगळ्यांत मागे होती. ही शर्यत जिंकली, तरच गेम कंपनीत तिची नोकरी पक्की होणार होती. बाकीच्या अकरा गाड्या कॉम्प्युटर चालवत होता, आणि गेम अगदी खरा वाटावा म्हणून त्याला पुण्याच्या रस्त्यांवर शिकवलं होतं.

पडद्यावरचे दोन्ही ड्रायव्हर खाली उतरून भांडायला लागले. उरलेले नऊजणही गाड्या थांबवून चूक कोणाची ते सांगायला जमले. वैजयंतीपुढचा रस्ता मोकळा झाला.

"जा की पुढे," मागे बसून परीक्षा घेणारे कंपनीचे देवस्थळी साहेब कुजबुजले.

"एक मिनिट, सर." तिने गाडी बाजूला घेतली. "चूक लाल गाडीची आहे. मी स्वतः बघितलंय."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "लालची कशी? पांढऱ्याने इंडिकेटर दिला होता का?"