निर्माल्याची पिशवी

गौरी-गणपती आटोपले आणि गिरणीच्या जागेवरल्या टॉवरमधले परुळेकर वरळी कोळीवाड्यात आले. निर्माल्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणलं होतं. धक्क्यावरून त्यांनी ती पिशवी तशीच समुद्रात भिरकावली, हात जोडले आणि मागे पाटी घेऊन बसलेल्या शेवंताकडून पापलेटं निवडली.

"पूर्वीसारखी मोठी नाही राहिली. वाट लावलीत तुम्ही लोकांनी समुद्राची," ते कुरकुरले. "बरं, पिशवीत घाला."

"पिशवी नाय, साहेब."

"मग काय हातात नेऊ?"

"थांबा की जरा. माझ्या घरवाल्याची होडी येतेच आता. म्हावरं गावो न गावो, तुमची पिशवी जाळ्यात गावणारच."