ओठावरच्या खळ्या

बाळाच्या तोंडात, टाळूला जन्मतःच फट होती. चमच्यानं वाटीभर दूध पाजता पाजता सुनेचे डोळे मिटायला लागायचे, आणि शेजारी सासूबाईंचं सुरूच असायचं, "त्याच्या खालच्या ओठावरच्या या दोन खळ्या बघ. माझ्या बाबांना होत्या, मला आहेत. आमच्या घराण्याची खूण! फट तेवढी तुझ्या माहेरची." वाद घालायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी आधी बाळाचा ओठ पाहिला, मग सासूबाईंचा. "या खळ्या आणि फट एकाच आनुवंशिक दोषानं येतात. कुणाला नुसत्या खळ्या, कुणाला दोन्ही. आजी, तुमच्या खळ्या जन्मापासूनच्याच ना?"

सासूबाईंनी पटकन ओठावर हात धरला.


"छे हो! लहानपणी पायरीवर पडले होते मी."