चारित्र्याचा दाखला

ठसे देऊन चार दिवस झाले तरी सायलसच्या बोटांची शाई निघत नव्हती. ओनालेना त्याला चिडवत होती, की वेल्डिंगच्या दुकानात वर्षानुवर्षं हात काळे करणाऱ्याला एवढ्याशा शाईचं काय कौतुक. सायलस हसला. समोरची ज्वारीची आंबील मात्र त्यानं तशीच बाजूला सारली.

गाबोरोनेत त्याला नऊ वर्षं झाली होती. ओनालेना इथलीच. मुलगी मासेगो सात वर्षांची, इथल्याच शाळेत जाणारी. सायलसचा केनियाचा पासपोर्ट मात्र आठ महिन्यांत संपणार होता, आणि वकिलातीत जाऊन तो नवा करायचं सायलस काही ना काही कारणानं टाळत होता. त्याआधी कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला नाही, तर बायकोपोरीला सोडून त्याला निघावं लागणार होतं. म्हणून दीड वर्षापूर्वी ओनालेनानंच अर्ज भरला होता.

अर्ज दाखल झाल्यावर डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं. मग कार्यालयाची दोन माणसं शेजारीपाजारी विचारून गेली, हा बायकोला मारतो का, दारू पितो का. शेजारीण म्हणाली, पीत नाही हीच याची एक खोड. पुढं समितीनं दोघांना समोर बसवून तासभर प्रश्न विचारले. एकेक पायरी पार झाली की ओनालेना कोंबडी शिजवायची, आणि सायलस हमखास पोटदुखीचं निमित्त काढायचा. शेवटची पायरी कोणती, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मायदेशच्या पोलिसांचा दाखला. या ठशांच्या माणसाच्या नावावर गुन्हा आहे की नाही, ते त्यात लिहून येणार होतं.

त्यानं टाळाटाळ खूप केली. फॉर्म हरवला म्हणाला, तिनं दुसरा आणला. दुकानात काम आहे म्हणाला, तिनं मालकाकडून सुट्टी मागून घेतली. शेवटी ठसे द्यायला तिनंच त्याला हाताला धरून नेलं. तिला सांगणार तरी काय? थोरला भाऊ तापानं गेला, एवढंच त्यानं लग्नाआधी सांगितलं होतं.

ओबुरा तापानं गेला नव्हता. गावच्या सरोवरात, पहाटेच्या धुक्यात, मासेमारीचं जाळं ओढता ओढता दोघा भावांची जुंपली होती. सायलसला इकडे दक्षिणेत कामाला यायचं होतं, पासपोर्ट नैरोबीत एजंटाकडे तयार होता. बाप नाही, आई थकलेली, तू गेलास तर होडी कोण चालवणार, असं ओबुराचं म्हणणं. काठावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते भांडले. सायलसनं धक्का दिला आणि होडी उलटली. पडताना होडीची कड ओबुराच्या डोक्याला लागलेली त्यानं पाहिली. त्यानं दोन हाका मारल्या, उत्तर आलं नाही. कसाबसा लव्हाळ्यांतून तो काठाला लागला आणि गावाकडे न जाता पळाला. भ्याला, दुसरं काही नाही.

दुसऱ्या वर्षी इथल्या बसस्थानकावर तिकडचा एक कापडवाला भेटला. तो सायलसला ओळखत नव्हता. गप्पांच्या ओघात म्हणाला, आमच्या बाजूला त्या न्यामोरींच्या घरात फळ पुरलं. न्यामोरी म्हणजे सायलसचंच घर. सरोवरानं माणूस नेला आणि प्रेत सापडलं नाही, की त्याच्या जागी यागोचं लांबट फळ पुरून रडायचं, हा तिथला रिवाज.

"भावाभावांचं भांडण," कापडवाला म्हणाला. "खुनाची केस झालीय. असं काही पोलीस सोडत नाहीत बघ."

सायलसनं पुढं एक शब्द विचारला नाही. त्यानंतर त्यानं घरी ना फोन केला, ना पत्र टाकलं.

ठसे दिल्यापासून अकरा आठवडे गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याचं झालं. ठाण्याचं मोडकं फाटक घेऊन पोलिसांची गाडी दुकानात आली, तर हा पत्र्यांच्या मागं जाऊन उभा राहिला. मासेगोनं शाळेत बापाचं चित्र काढून आणलं, ते बघून त्याला रडू फुटलं. ओनालेना त्याला लेकीच्या नावानं, मासेगोचा बाप अशी हाक मारायची.

"रा-मासेगो," ती म्हणाली, "सगळे कागद मिळवलेस, आता कसला भितोस?"

एका मंगळवारी परवान्याच्या कार्यालयातून फोन आला. दाखला आला होता. ओनालेना चर्चचे कपडे घालून त्याच्याबरोबर गेली, पण केबोने बाईंनी तिला बाहेरच बसायला सांगितलं. अर्ज पहिल्यापासून याच बाईंकडे होता. आज त्यांच्या शेजारी एक पोलीस बसला होता. त्यानं उठून दार लावलं.

"तुम्हाला भाऊ आहे का?" बाईंनी विचारलं.

सायलस खुर्ची ओढून बसला.

"होता. मीच मारलं त्याला," तो म्हणाला. "ठरवून नाही, पण माझ्याच हातून. बायकोला यातलं काही माहीत नाही. बाई, एवढंच करा, तिच्यासमोर मला बेड्या घालू नका."

बोलून टाकल्यावर क्षणभर त्याला हलकं वाटलं. मग मासेगो आठवली आणि त्यानं बंद दाराकडे पाहिलं.

केबोने बाईंनी पोलिसाकडे पाहिलं. मग कागद सायलसकडे फिरवला.

"यात तुमच्या नावावर गुन्हा नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "या ठशांचा सायलस न्यामोरी नऊ वर्षांपूर्वी सरोवरात बुडून मेला, असं लिहिलंय. त्याच्या खुनाबद्दल थोरल्या भावाला जन्मठेप झालीय. आठ वर्षं झाली, अजून आतच आहे."