रिकामा पेला

"मावशी, खरं सांगा. प्रेशरची गोळी ती रोज घेत होती ना?" डॉक्टरीणबाईंनी सासूला बाजूला घेऊन विचारलं.

सुनेला सातवा महिना होता. पावलं टम्म सुजली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सासूनं पदर तोंडाशी धरला. "बाळाला बाधेल म्हणून ती गोळीला हात लावेना. मग मीच गुपचूप कुटून काढ्यात घालत होते. काढा साधाच हो, झाडपाल्याचा. पण रोज पेला रिकामा करायची, गुणाची माझी!"

"गोळीनंही प्रेशर उतरत नाही, म्हणजे आता थांबण्यात अर्थ नाही. बाळ आत्ताच काढावं लागेल. फार कोवळं आहे. देवाचं नाव घ्या."

देवाचं नाव तर सासूच्या ओठांवर सकाळपासून होतंच. स्ट्रेचरसोबत चालताना तिला हुंदका आवरेना. "माझ्याच काढ्यानं घात केला गं बाई!"

सुनेनं तिचा हात दाबला. "नाही हो आई, उगाच जिवाला लावून घेऊ नका. काढ्यानं काही झालेलं नाही. मला त्याचीही धास्ती वाटायची. तुमची पाठ वळली की मी तो बेसिनमध्ये ओतून द्यायची. रागावू नका हं."

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. सासूच्या ओठांवरचं नाव तिथंच थिजलं. मग ती दोन्ही मुठींनी दार बडवू लागली.

"डॉक्टर, थांबा! तिच्या पोटात एकसुद्धा गोळी गेलेली नाही!"