पिल्लाशी बोलावं लागतं

सकाळी साडेसातला खोक्यातल्या सहा अंड्यांपैकी एकाला केसाएवढी चीर गेली आणि सिस्टरनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

अंडी निळी होती. रंगवलेली नव्हेत, जातीचीच निळी. धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखी. दूरच्या गावातल्या एका कोंबडीवाल्याने ती भुशात घालून पार्सलने पाठवली होती. सिस्टरनी थर्मोकोलच्या खोक्यात ती मांडली, वर बल्ब लावला, झाकणात काचेचा तुकडा बसवला आणि अठरा दिवस, दिवसातून तीनदा, त्यांची कूस बदलली. खोक्यातला पारा सदा शंभराच्या आसपास. माणसाला एवढा ताप असता तर त्यांनी केव्हाच गोळी दिली असती. शेवटचे तीन दिवस मात्र झाकण उघडायचं नाही, अशी कोंबडीवाल्याची ताकीद होती.

चिरेचं मोहरीएवढं भोक झालं आणि तिथेच थांबलं. आतून चोच एकदा दिसली, पुन्हा दिसेना. प्रसूतीच्या वॉर्डात छत्तीस वर्षं काढलेल्या बाईला नुसतं बघत बसणं म्हणजे शिक्षाच. अकरा वाजता त्यांनी फोन लावला.

“साडेतीन तास झाले हो. चिमट्याने थोडं कवच काढू का?”

“अजिबात नाही!” कोंबडीवाला म्हणाला. “आत रक्त फिरतंय अजून. तुम्ही सोडवायला जाल आणि हकनाक जाईल ते.”

“मी जन्मभर हेच केलंय.”

“बायकांचं केलंत, ताई. ही कोंबडी आहे. हात बांधून बसा.”

सिस्टर दोन्ही हात मांडीखाली दाबून खोक्यासमोर फरशीवर बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. जावयांचा होता. लेकीला नववा लागून पंधरा दिवस झाले होते. ‘इथे माणसं आहेत, तू एवढा प्रवास करू नकोस,’ असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं.

“कळा सुरू झाल्या का? किती मिनिटांनी येताहेत?”

“नाही, म्हणजे... झालं, आई. मुलगी झाली. दोघीही छान आहेत.”

“कधी?”

“काल सकाळी. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घ्याल, म्हणून तीच म्हणाली, उद्या निवांत सांगू.”

मागे बायकांचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी जावयांना हाक मारली.

“आता झोपलीय ती. माझी आई आहे, मावशी आहे, माणसांना काही तोटा नाही इथे. फोटो पाठवतो हं.”

“मुलगी झाली, दोघीही छान आहेत.” वॉर्डाच्या दारात उभं राहून सिस्टरनी हजारो लोकांना हे ऐकवलं होतं. ऐकणाऱ्याने पुढे काय म्हणायचं असतं, ते मात्र त्यांना आठवेना.

“अभिनंदन,” त्या म्हणाल्या. फोन ठेवला गेला.

पिल्लू पावणेएकला बाहेर आलं. सिस्टरनी बोटसुद्धा लावलं नाही. त्याचं त्यानेच कवच गोल कापत नेलं, पाय ताणले आणि ओलंचिंब, काळं, गाळातून काढल्यासारखं ते आडवं पडलं. दोनपर्यंत वाळून फुललं. मग उभं राहिलं, उरलेल्या पाच अंड्यांवरून धडपडत हिंडलं आणि ओरडायला लागलं. एवढ्याशा जिवाचा तो आवाज घराच्या दोन्ही खोल्यांत मावेना.

“एकच निघालं?” कोंबडीवाल्याने फोनवर विचारलं.

“बाकीची हलतसुद्धा नाहीत.”

“पार्सलमध्ये हिंदकळली असतील. एकट्याचं अवघड असतं, ताई. त्याला वाटतं, आपल्याला टाकून सगळे पुढे गेले. त्याच्याशी बोलत राहा. आवाज आला की गप्प होतं.”

“काय बोलू?”

“काहीही. घरात बोलता तसंच बोला की.”

सिस्टरनी फोन ठेवला.

त्या काचेजवळ वाकल्या. आधी खाकरावं लागलं. “काय रे,” त्या म्हणाल्या. पिल्लू थबकलं. त्या थांबल्या की ते पुन्हा सुरू. मग त्यांनी वॉर्डातल्या गोष्टी काढल्या. पहिलंच बाळंतपण बघून धाडकन पडलेला नवा डॉक्टर सांगितला. जुळं झाल्याचं कळताच चप्पल न घालता घरी पळालेला बाप सांगितला. नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं. खोक्यावर छापलेला मजकूर दोनदा मोठ्याने वाचला. इतकं त्या कितीतरी दिवसांत बोलल्या नव्हत्या.

चारच्या सुमारास सगळं बोलून संपलं. फोटो अजून आला नव्हता. सिस्टर अर्धं मिनिट गप्प बसल्या, तशी आतून पुन्हा किंकाळी उठली.

“अरे हो, हो. आहे मी.” त्यांनी काचेला तोंड लावलं. “हे बघ, एक सांगायचं राहिलंय. अजून कोणालाच सांगितलं नाही.”

पिल्लू त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळलं.

“मला नात झाली.”

ते अगदी चूप झालं. मान वर करून, पुढचं ऐकायला थांबल्यासारखं.

पुढचं काही सिस्टरना माहीत नव्हतं.